पाकिटावरची सरकारी छाप

विसाव्या शतकात भारतातील तंबाखूचा व्यापार खेडोपाडी पसरला तो मुख्यतः चित्रांच्या बळावर. विडीचा कट्टा किंवा तंबाखूची पुडी घेणाऱ्या गिऱ्हाइकाला बहुधा अक्षरओळख नसे आणि कारखानदाराला हे पक्के ठाऊक असे. म्हणून वेष्टनावर एखादे जनावर, देवता किंवा रोजच्या वापरातली वस्तू ठसठशीत छापली जाई आणि माल त्या चित्राच्याच नावाने मागितला जाई. मराठीत या खुणेला ‘छाप’ म्हणतात. संगमनेरच्या गाय छाप जर्द्याची पुडी मागताना कारखान्याचे वा मालकाचे नाव माहीत असण्याची गरज नव्हती, गाय ओळखता आली की पुरे होते. मंगळूर गणेश विडीच्या कट्ट्यावरची गणपतीची आकृतीही हेच काम करी. पुढे भारत सरकारने तंबाखूच्या वेष्टनावर स्वतःचे चित्र छापायचे ठरवले आणि त्यावर दीड दशक झगडा चालला, तो समजून घेताना ही पार्श्वभूमी लक्षात ठेवावी लागते, कारण वेष्टनावरचे चित्र माणसाच्या मनावर काय करते हे तंबाखूच्या व्यापाऱ्यांना कोणी शिकवण्याची गरज नव्हती.

सरकारने पहिला इशारा दिला तो मात्र अक्षरांतून. अमेरिकेत तेथील सर्जन जनरल या सर्वोच्च सरकारी आरोग्य-अधिकाऱ्याच्या समितीने जानेवारी १९६४ मध्ये सिगारेट आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध अधिकृतपणे जाहीर केला, त्यानंतर तेथे पाकिटावर इशारा छापणे सक्तीचे झाले आणि दहा वर्षांनी तीच वाट धरून भारतात १९७५ चा सिगारेट-नियंत्रण कायदा आला. ‘सिगारेट पिणे आरोग्यास हानिकारक आहे’ हा वैधानिक इशारा, म्हणजे कायद्याने छापणे भाग पडलेले वाक्य, तेव्हापासून पाकिटाच्या एका कडेला बारीक टाइपात दिसू लागला. या कायद्यात दोन मोठ्या उणिवा होत्या. तो केवळ सिगारेटला लागू होता. विडी, जर्दा, गुटखा आणि मिश्री यांना त्याने हात लावला नाही, आणि देशातले बहुसंख्य लोक तंबाखू घेत होते ते याच स्वरूपांत. शिवाय १९७१ च्या जनगणनेनुसार देशात साक्षर माणसे शेकडा ३४ च्या आसपास होती, म्हणजे ज्याला हा इशारा वाचता येत नव्हता त्याच्या मालावर तो नव्हता आणि ज्या मालावर तो होता तो घेणारा गिऱ्हाईक त्या वाक्याकडे पाहत नव्हता.

चित्ररूप इशारा सर्वप्रथम कॅनडाने आणला. तेथे २००० साली नियम झाले आणि पाकिटाचा निम्मा दर्शनी भाग रोगट हिरड्या, काळवंडलेली फुप्फुसे अशा छायाचित्रांनी व्यापला. ब्राझील आणि थायलंड हे देश लवकरच त्याच मार्गाने गेले. २००३ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या तंबाखू-नियंत्रण कराराचा मसुदा संमत झाला, त्याच्या अकराव्या कलमाने वेष्टनाचा निदान ३० टक्के आणि शक्यतो निम्मा वा अधिक भाग इशाऱ्यासाठी राखावा असे ठरवले आणि भारताने ५ फेब्रुवारी २००४ रोजी या करारास मान्यता दिली. त्याआधीच, मे २००३ मध्ये, संसदेने सिगारेट व इतर तंबाखूजन्य पदार्थांविषयीचा नवा कायदा केला होता. इंग्रजी आद्याक्षरांवरून तो ‘कोटपा’ या नावाने ओळखला जातो. त्याने विडीपासून गुटख्यापर्यंत सर्व पदार्थ एका छत्राखाली आणले आणि इशाऱ्यात कवटी व हाडांची फुली हे विषाच्या बाटलीवरचे चिन्ह असावे असेही सांगितले.

कायदा झाला, पण चित्र पाकिटावर येण्यास सहा वर्षे लागली. ५ जुलै २००६ रोजी निघालेले पहिले नियम १ फेब्रुवारी २००७ पासून लागू व्हायचे होते. त्यांची तारीख पुन्हापुन्हा पुढे ढकलली गेली. विरोधाचा जोर सिगारेट कंपन्यांपेक्षा विडीच्या पट्ट्यातून अधिक होता. मुर्शिदाबाद, सागर, जबलपूर, निजामाबाद आणि महाराष्ट्रात सोलापूर, सिन्नर, संगमनेर या भागांत विडी वळणे हा लाखो घरांचा, त्यातही बायकांचा, रोजगार आहे. सोलापुरात तर पद्मशाली समाजातील तेलुगुभाषक स्त्रियांच्या पिढ्यान्‌पिढ्या सुपात तेंदूची पाने, तंबाखू आणि कात्री घेऊन बसल्या आहेत, आणि त्यांच्या संघटनेच्या बळावर कुंभारी येथे किसान-नेत्या गोदूताई परुळेकरांच्या नावाची दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली. कवटीचे चित्र छापले तर या हातांचे काम जाईल, असा युक्तिवाद कारखानदार करीत आणि मतदारसंघात विडी कामगार असलेले खासदार तो उचलून धरीत. या युक्तिवादातली मेख अशी की हजार विड्यांमागे मिळणाऱ्या तुटपुंज्या मजुरीचा प्रश्न निघाला की कामगारांचा हाच कळवळा एरवी एवढ्या तत्परतेने जागा होत नसे. तरीही प्रश्न खोटा नव्हता: पर्यायी रोजगाराची कोणतीही ठोस योजना पुढे न ठेवता आरोग्य खाते चित्र छापायला निघाले होते.

वाद मिटवण्यासाठी नेमलेल्या मंत्रिगटाचे अध्यक्ष प्रणव मुखर्जी होते आणि त्यांचा जंगीपूर मतदारसंघ मुर्शिदाबादच्या विडीपट्ट्यात मोडत होता. २००७ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन कवटीची सक्ती काढून टाकली गेली. मार्च २००८ मध्ये नवे नियम आले, त्यांत चित्रांची धार बोथट झाली होती आणि जागाही आक्रसून वेष्टनाच्या केवळ पुढच्या बाजूच्या ४० टक्क्यांवर आली होती. त्याच्या महिनाभर आधी, फेब्रुवारी २००८ मध्ये, प्रभात झा आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा देशव्यापी अभ्यास एका नामांकित अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला होता आणि भारतात धूम्रपानामुळे लवकरच वर्षाला सुमारे दहा लाख माणसे मरतील असे त्यात मांडले होते. अखेर सर्वोच्च न्यायालयाने मे २००९ मध्ये आणखी मुदत मिळणार नाही असे बजावले आणि ३१ मे २००९ रोजी, म्हणजे जागतिक तंबाखूविरोधी दिनी, पहिली चित्रे बाजारात आली. योगायोगाने त्या वर्षी या दिनाचा विषयही वेष्टनावरचे इशारे हाच होता.

ही पहिली चित्रे कोणती होती हे पाहण्यासारखे आहे. सिगारेट आणि विडीवर रोगट फुप्फुसे व छातीची क्ष-किरण प्रतिमा छापली गेली आणि चघळायच्या तंबाखूवर विंचू. रोगाला ‘कर्क’ म्हणजे खेकडा हे नाव ग्रीक परंपरेतून आले आहे, विंचवाशी त्याचा कसलाही संबंध नाही. पण तो मुद्दा सोडून दिला तरी खरी अडचण वेगळीच होती. ज्या देशात तंबाखू गाय छाप, सूर्य छाप अशा नावांनी विकली जात होती, तेथे पुडीवर विंचू दिसला की तो धोक्याची खूण न वाटता आणखी एक छाप वाटण्याचा संभव होता. छातीची क्ष-किरण प्रतिमा तर डॉक्टरलाच वाचता येते. सामान्य माणसाला ती करड्या रंगाच्या डागासारखी दिसते, आणि विडीच्या कट्ट्यावरच्या पातळ, खराब छपाईच्या कागदावर तिचे काय होत असेल हे सांगायला नको. चित्र निवडणाऱ्यांना अक्षरशत्रू गिऱ्हाइकापर्यंत पोहोचायचे होते, परंतु त्याच्या नजरेने पुडीकडे पाहण्याची तसदी त्यांनी घेतलेली दिसत नाही.

तोंडाच्या कर्करोगाचे खरे, अंगावर काटा आणणारे छायाचित्र २०१० साली जाहीर झाले, तेव्हा मात्र उद्योग हलला. डिसेंबर २०१० मध्ये सिगारेट कंपन्यांनी उत्पादन थांबवले, सरकारने पाऊल मागे घेतले आणि नव्या चित्रांसाठी आणखी एक वर्ष गेले. १ डिसेंबर २०११ पासून आलेल्या संचातील एका चित्रातला अंधुक चेहरा इंग्लंडचा फुटबॉलपटू जॉन टेरी याच्यासारखा असल्याची तक्रार झाली आणि काही दिवस देशातल्या वर्तमानपत्रांना फुप्फुसांपेक्षा त्याच चेहऱ्याची अधिक चर्चा करावीशी वाटली.

या इतिहासातील निर्णायक प्रकरण १५ ऑक्टोबर २०१४ रोजी सुरू झाले. आरोग्यमंत्री हर्षवर्धन यांच्या कारकिर्दीत निघालेल्या अधिसूचनेने इशाऱ्याची जागा एकदम ८५ टक्क्यांवर नेली. वेष्टनाच्या पुढच्या आणि मागच्या दोन्ही बाजूंवर ६० टक्के चित्र आणि २५ टक्के मजकूर अशी ती विभागणी होती, म्हणजे कंपनीच्या स्वतःच्या छापेसाठी अवघी १५ टक्के जागा उरत होती. अंमल १ एप्रिल २०१५ पासून व्हायचा होता. मार्चअखेरीस लोकसभेची अधीनस्थ विधान समिती, म्हणजे संसदेच्या कायद्याखाली मंत्रालये जे नियम काढतात ते तपासणारी समिती, मध्ये पडली. तिचे अध्यक्ष होते तेव्हाच्या अहमदनगरचे खासदार दिलीप गांधी. तंबाखूमुळे कर्करोग होतो हे दाखवणारे संशोधन परदेशातले आहे, भारतात तसा अभ्यास झालेला नाही, असे त्यांनी जाहीरपणे सांगितले. समितीत स्वतः विडी उद्योगात असलेले अलाहाबादचे खासदार श्यामाचरण गुप्ता हेही सदस्य होते आणि भरपूर विड्या ओढूनही कर्करोग न झालेली माणसे आपण दाखवू शकतो, असा त्यांचा दावा होता. नियम लागू होण्याच्या तोंडावर सरकारने ते स्थगित केले.

भारतीय अभ्यास नाही हे विधान ज्या महाराष्ट्रातील खासदाराच्या तोंडून आले, त्याच महाराष्ट्रात हा अभ्यास साठ वर्षांपूर्वी झालेला होता. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील रुग्णांच्या नोंदींवरून एल. डी. संघवी, के. सी. एम. राव आणि वसंत रामजी खानोलकर यांनी तंबाखू ओढणे व चघळणे यांचा तोंडाच्या आणि अन्नमार्गाच्या वरच्या भागातील कर्करोगाशी असलेला संबंध तपासला आणि तो निबंध १९५५ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला. खानोलकर हे भारतीय विकृतिशास्त्राचे, म्हणजे रोगामुळे पेशींत होणाऱ्या बदलांच्या शास्त्राचे, जनक मानले जातात. पुढे मुंबईच्याच टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील फली मेहता आणि प्रकाश गुप्ता यांनी १९६६ पासून केरळ, आंध्र, गुजरात अशा प्रांतांतील खेड्यांत घरोघर जाऊन हजारो माणसांची तोंडे तपासली, आणि १९९० च्या दशकात गुप्ता यांनी मुंबईतील सुमारे दीड लाख रहिवाशांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. शास्त्राच्या बाजूने पाहता समितीचा आक्षेप उभाच राहत नव्हता.

हा आक्षेप घेतला गेला तेव्हा महाराष्ट्रात एक ताजी जखम होती. गांधी यांच्या विधानाच्या सहा आठवडे आधी, १६ फेब्रुवारी २०१५ रोजी, राज्याचे माजी उपमुख्यमंत्री व गृहमंत्री रावसाहेब रामराव पाटील, म्हणजे तासगावचे आर. आर. आबा, तोंडाच्या कर्करोगाने मुंबईत निधन पावले होते. गृहमंत्री असताना गावोगाव तंटामुक्ती मोहीम चालवणाऱ्या या माणसाच्या तंबाखूच्या सवयीबद्दल राज्यात उघडपणे बोलले जात होते. शरद पवार हेही तोंडाच्या कर्करोगातून उठलेले आहेत आणि तंबाखूविषयीचा पश्चात्ताप त्यांनी जाहीर सभांतून सांगितलेला आहे. टाटा स्मारकचे शल्यचिकित्सक पंकज चतुर्वेदी यांच्यासारख्या डॉक्टरांनी त्या वसंतात दिल्लीपर्यंत जो आवाज उठवला, त्याला या पार्श्वभूमीमुळे धार आली.

राजस्थान उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर सरकारने १ एप्रिल २०१६ ही तारीख पक्की केली. समितीने ५० टक्क्यांची शिफारस केली होती, ती सरकारने मानली नाही. त्या दिवशी मोठ्या सिगारेट कंपन्यांनी कारखाने बंद केले आणि त्यांच्या संघटनेने दिवसाला ३५० कोटी रुपयांचे नुकसान होत असल्याचे सांगितले. ४ मे २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने देशभरातील खटले कर्नाटक उच्च न्यायालयाकडे सोपवून तोवर नियम पाळण्याचा आदेश दिला आणि कारखाने पुन्हा चालू झाले. १५ डिसेंबर २०१७ रोजी कर्नाटक उच्च न्यायालयाने ८५ टक्क्यांचा नियम रद्द ठरवला. तीन आठवड्यांनी, ८ जानेवारी २०१८ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने व्यापाराच्या हक्कापेक्षा नागरिकांच्या आरोग्याला प्राधान्य देऊन त्या निकालास स्थगिती दिली. कॅनडाच्या कर्करोग संस्थेने देशांची जी क्रमवारी लावली तिच्यात इशाऱ्याच्या आकारमानाच्या दृष्टीने भारत १३६ व्या स्थानावरून तिसऱ्या स्थानावर चढला होता.

एवढ्या झगड्याने काय साधले, हा प्रश्न येथे टाळता येत नाही. भारतात प्रौढांच्या तंबाखू-सेवनाची दोन मोठी सर्वेक्षणे झाली आणि त्यांच्या तारखा या इतिहासाला नेमक्या जुळतात: पहिले जून २००९ मध्ये, म्हणजे विंचू आणि क्ष-किरण बाजारात आल्यावर लगेच सुरू झाले, तर दुसरे ऑगस्ट २०१६ ते फेब्रुवारी २०१७ या काळात, ८५ टक्क्यांची पाकिटे नुकतीच आल्यावर झाले. इशारा पाहून सोडण्याचा विचार मनात आला असे सांगणारे सिगारेट ओढणारे पहिल्या वेळी ३८ टक्के होते, दुसऱ्या वेळी ६२ टक्के. विडी ओढणाऱ्यांत हे प्रमाण २९ वरून ५४ वर आणि चघळणाऱ्यांत ३४ वरून ४६ वर गेले. चित्र मोठे आणि स्पष्ट झाले की ते मनाला भिडते, एवढे यातून निःसंशय दिसते. परंतु त्याच सर्वेक्षणांत, मागील बारा महिन्यांत प्रत्यक्ष सोडण्याचा प्रयत्न केलेल्या धूम्रपान करणाऱ्यांचे प्रमाण दोन्ही वेळा सुमारे ३८ टक्केच आहे. विचार खूप वाढला, प्रयत्न जागचा हलला नाही.

तंबाखू घेणाऱ्या प्रौढांचे प्रमाण या काळात ३४.६ वरून २८.६ टक्क्यांवर उतरले आणि महाराष्ट्रात ३१.४ वरून २६.६ वर, हे खरे आहे. मात्र याच सात वर्षांत कर वाढले, २ ऑक्टोबर २००८ पासून लागू झालेली सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानाची बंदी रुळली आणि महाराष्ट्राने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली. त्यामुळे या घसरणीतला किती वाटा चित्राचा हे वेगळे काढणे शक्य नाही. अमेरिकेत २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दोन हजारांवर धूम्रपान करणाऱ्यांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी विभागणी करून काहींच्या पाकिटांवर चार आठवडे चित्रे चिकटवली गेली, तेव्हा चित्रे असलेल्या गटात ४० टक्क्यांनी आणि नुसता मजकूर असलेल्या गटात ३४ टक्क्यांनी सोडण्याचा प्रयत्न केला. चित्राने सवय मोडत नाही, सवयीला धक्का बसतो, आणि तो धक्का सहा टक्क्यांच्या आसपासचा आहे. देशाच्या लोकसंख्येशी गुणले तर तो लहान नाही.

शिवाय त्या प्रयोगात प्रत्येकाच्या खिशात अख्खे पाकीट होते. भारतातल्या पानटपरीवर पाकीट असते ते दुकानदाराच्या मागच्या फळीवर; तो त्यातून एक सिगारेट काढून देतो, गिऱ्हाईक ती खांबाला टांगलेल्या जळत्या सुंभावर वा दोरीला बांधलेल्या लायटरवर पेटवतो आणि ८५ टक्के चित्र फळीवरच राहते. तंबाखू खाणारा पुडी फोडून माल दोन तोंडांच्या डबीत भरतो, एका तोंडाला तंबाखू आणि दुसऱ्याला चुना, आणि पुडीचा कागद टपरीपाशीच पडतो. घरी तव्यावर तंबाखू भाजून केलेल्या मिश्रीला तर वेष्टनच नसते. दुसऱ्या सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात ३.८ टक्के प्रौढ धूम्रपान करतात आणि २४.४ टक्के तंबाखू चघळतात वा दातांना लावतात, तेव्हा या राज्यापुरता खरा प्रश्न सिगारेटच्या पाकिटाचा कमी आणि पुडीचा जास्त आहे. इशारा नसलेला माल विकण्यास कोटपाची मनाई आहे, हाच आधार घेऊन महाराष्ट्र सरकारने सप्टेंबर २०२० मध्ये सुट्या सिगारेट-विड्यांच्या विक्रीवर बंदी घातली. तरीही टपरीवर सुटी सिगारेट मिळते.

१ सप्टेंबर २०१८ पासून चित्राखाली व्यसन सोडण्यास मदत करणाऱ्या मोफत सरकारी दूरध्वनीचा क्रमांकही छापला जातो. विचार आणि प्रयत्न यांच्यातील अंतर भरून काढण्याचा वेष्टनावरचा हा पहिलाच उपाय होय. तो क्रमांक आहे १८००-११-२३५६. तो पाकिटावर छापलेला असतो, सुट्या सिगारेटवर नसतो.